पेपर रेट, पेटी आणि आपल्या गल्लीतला भाव

सकाळी मोबाईलवर अंड्यांचा ‘मुंबई रेट’ येतो आणि तासाभरात कोपरखैरण्याचा मेसवाला, कळव्याचा भुर्जीगाडीवाला आणि उलव्यातला किराणावाला तिघंही एकाच सुरात विचारतात, ‘रेट एवढा, मग आम्हाला एवढ्याला का?’ प्रश्न रास्त आहे. पण उत्तर वाशीत किंवा ठाण्यात शोधून मिळत नाही, कारण हा भाव इथे ठरतच नाही. तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा-बटाटा, भाजी, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत, अंड्या-कोंबड्यांचा त्यात नाही. लिलाव नाही, आवकेचा फलक नाही. सगळा व्यवहार फोनवर आणि वर्षानुवर्षांच्या ओळखीवर चालतो.

रेट जाहीर करते ती एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समिती. ती १९८२ साली उभी राहिली. त्याआधी उत्पादकाला दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागे. समितीच्या रोजच्या यादीत नामक्कल, हैदराबाद, होस्पेट, बरवाला, पुणे अशी नावं असतात आणि मुंबईच्या पुढे ‘सीसी’ लिहिलेलं असतं. सीसी म्हणजे खपाचं केंद्र. हैदराबादचा आकडा माल पिकतो तिथला, मुंबईचा आकडा माल खपतो तिथला. दोन्हींत मुख्यतः वाहतुकीचा फरक असतो. आकडा नेहमी शेकड्याचा, म्हणजे १०० अंड्यांचा. आणि तो सुचवलेला भाव आहे, कुणावर बंधनकारक नाही. म्हणून व्यापारी त्याला ‘पेपर रेट’ म्हणतात. माल तुंबला की फार्मवाला पेपर रेटच्या खाली विकतो, त्याला ‘मायनस’ म्हणतात. टंचाईत पेपर रेट देऊनही गाडी मिळत नाही. त्यामुळे रेट किती हे विचारण्याआधी मायनस किती चाललाय हे विचारावं. बाजार कुठे निघालाय ते त्यातून कळतं, पेपर रेट एक-दोन दिवस मागून येतो.

आता हिशेब. ट्रेमध्ये ३० अंडी, पेटीत ७ ट्रे, म्हणजे २१०. समजा मुंबई रेट ६०० आहे. अंडं ६ रुपयांना, ट्रे १८० ला, पेटी १,२६० ला. ही घाऊक व्यापाऱ्याची पातळी झाली. तिथून टेम्पो, हमाली, उधारीचं व्याज आणि त्याचा नफा मिळून अंड्यामागे २०-३० पैसे लागले, तर ट्रे तुमच्या दारात १८६ ते १८९ ला पडतो. किराणावाला त्यावर आपलं ठेवून डझन ८४ ते ९० ला विकतो. एवढा फरक वाजवी आहे. यातली विसरली जाणारी रक्कम म्हणजे फुटतूट. पेटीत ४ अंडी फुटली तर १,२६० ला २०६ अंडी पडली, अंड्यामागे १२ पैसे गेले. रोज दोन पेट्या घेणाऱ्याने भावात ५ पैशांसाठी घासाघीस करायची आणि फुटलेली मोजायचीच नाहीत, हे उलटं गणित आहे.

शेकड्याच्या भावात आकार लपतो. अॅगमार्कच्या प्रतवारीत ६० ग्रॅम आणि वरचं अंडं एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ ते ४४ स्मॉल. आपल्याकडे सुटा माल प्रत न सांगताच येतो. नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी लहान अंडी घालते आणि नवीन बॅच सुरू झालेल्या फार्मचा माल ‘आजचा स्वस्त’ म्हणून फिरतो. ओळखणं सोपं आहे. रिकामा ट्रे काट्यावर ठेवून वजन शून्य करा, मग भरलेला ठेवा. ५५ ग्रॅमच्या हिशेबाने ३० अंड्यांचे १ किलो ६५० ग्रॅम भरतात. काटा दीड किलोच्या खाली दिसला तर सरासरी ५० च्याही आत आहे. ४८ ग्रॅमचं अंडं ५.८० ला आणि ५६ ग्रॅमचं ६.१० ला मिळत असेल, तर पहिलं ग्रॅमला सुमारे १२ पैसे पडतं, दुसरं ११ पैशांच्या आत. भुर्जी आणि बेकरीवाल्याने वजन पाहावं. उकडलेली अंडी नगावर विकणाऱ्याला मात्र लहान माल खरंच परवडतो, त्याने तो बिनदिक्कत घ्यावा.

रेट सलग चार-सहा दिवस तुटत असला की किरकोळवाला खरेदी रोखून धरतो, उद्या आणखी स्वस्त मिळेल म्हणून. त्या दिवसांत गोदामात माल साठतो. मग उतरलेल्या भावाची पहिली खेप बाहेर येते ती बहुतेक सगळ्यात जुनी असते. अशा वेळी दोन-चार अंडी पाण्याच्या भांड्यात टाका. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर दिवस झालेत, तरंगलं तर ट्रे परत. बाकीची धुऊ नका, धुतल्याने कवचावरचा थर जातो आणि अंडं लवकर खराब होतं. निमुळतं टोक खाली ठेवा.

आपल्या भागाचा वेगळा त्रास म्हणजे दमट हवा. पावसाळ्यात लगद्याचे ट्रे ओल धरतात, मऊ पडतात आणि खालचा ट्रे बसला की वरचे सहा त्याच्यासोबत जातात. मे महिन्यात थंड जागेतून काढलेला माल बाहेरच्या वाफेत घामेजतो. त्या ओलीवर बुरशी धरते, तीही ट्रेच्या खाचेत, जिथे नजर जात नाही. म्हणून जून ते सप्टेंबर प्लास्टिकचे ट्रे मागा, अनामत द्यावी लागली तरी.

कोंबडीचा बाजार अंड्यापेक्षा जास्त तापट आहे, आणि त्याचं कारण साधं आहे. अंडं काही दिवस थांबू शकतं. बॉयलर (पुस्तकात ब्रॉयलर असलं तरी मटण-चिकनच्या दुकानात तो बॉयलरच) साधारण ४० दिवसांत २ ते सव्वादोन किलोचा होतो. त्यानंतर रोज दोनशे ग्रॅमच्या आसपास खाद्य खातो, खाल्लेल्याच्या मानाने वजन कमी चढतं आणि गर्दीत मरतुक वाढते. फार्मवाल्याला तो विकावाच लागतो. म्हणून उठाव कमी झाला की किलोमागे १५-२० रुपये आठवड्यात उतरतात, आणि माल संपला की तितक्याच वेगाने चढतात.

फार्मच्या भावाला ‘लिफ्टिंग रेट’ म्हणतात. तो जिवंत वजनाचा असतो आणि आकारानुसार बदलतो. एक-सव्वा किलोचा छोटा माल तंदूरसाठी हॉटेलवाले उचलतात, त्याला किलोमागे जास्त भाव. अडीच किलोच्या वरचा मोठा माल दुकानाला मांस काढायला बरा आणि किलोला स्वस्त. दुकानाच्या फळ्यावरचा आकडा वाजवी आहे का, हे असं बघा. समजा लिफ्टिंग ११० आहे. शहापूर, मुरबाड, कर्जत किंवा नाशिककडून जाळ्यांत भरून रात्रीतून इथे आणताना वाहतूक, वाटेतली वजनाची घट, मरतुक आणि घाऊकवाल्याचा वाटा मिळून दुकानाला तो १२८ ला पडला. कातडीसकट साफ केला तर जिवंत वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास हाती लागतं, कातडी काढली तर ६२ च्या आसपास. १२८ भागिले ०.६२ म्हणजे साधारण २०६. त्यावर भाडं, दोन माणसांचा पगार, बर्फ आणि कचऱ्याची गाडी. स्किनलेस २४० ला मिळत असेल तर दुकानदार लुटत नाहीये. लिफ्टिंग ८५ वर आलं तरी फळ्यावर २४०च असेल, तर मात्र बोला. भाव चढताना फळा त्याच दिवशी पुसला जातो, उतरताना खडू सापडत नाही.

जिवंत घेणाऱ्यांनी एक पाहावं. गाडीत भरायच्या आधी काही तास खाद्य बंद ठेवण्याची पद्धत आहे. ती पाळली नाही तर गळ्याची पिशवी भरलेली असते आणि तेवढ्या मक्याचा भाव तुम्ही कोंबडीच्या दराने देता. हात लावून कळतं. गावठीच्या बाबतीत तर फसवणूक उघडउघड आहे. डीपी क्रॉस आणि कावेरी जातीचे रंगीत पक्षी ‘गावरान’ म्हणून विकले जातात. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो, गावावर नाही. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्या) पिंजऱ्यातही पाळतात, आणि पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवून रंगवण्याचा उद्योगही जुना आहे.

आता दिनदर्शिका. बुधवार, शुक्रवार आणि रविवार उठावाचे, सोमवार, गुरुवार, शनिवार पडेल. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लक्षात येतो तो दोन श्रावणांचा घोळ. उत्तर भारतीयांचा श्रावण पौर्णिमेनंतर लागतो, आपला त्याच्या पंधरा दिवसांनी अमावास्येनंतर. ठाणे, भिवंडी, ऐरोली, तळोजा या पट्ट्यात दोन्ही गिऱ्हाईक मोठ्या संख्येने आहे. म्हणून आपल्याकडे आखाड जोरात चालू असतानाच एक बाजू थंडावते, आणि एकूण मंदी महिनाभराची नसून सहा आठवड्यांची होते. सगळ्यात खोल खड्डा मधल्या पंधरवड्यात, जेव्हा दोघांचाही श्रावण चालू असतो. त्यात अधिक मास आला, जसा २०२३ मध्ये श्रावणच अधिक होता, की खड्डा आणखी लांबतो. आपल्या श्रावणाच्या आधीची गटारी हा वर्षातला सगळ्यात खात्रीचा चढ. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, दिवाळे, करंजा, मोरा इथल्या होड्या किनाऱ्याला असतात, मासळी महागते आणि तिचं गिऱ्हाईक चिकन-अंड्यांकडे वळतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला भाव टिकतो तो याच आधारावर. भर गणपतीत एक दिवस आगरी-कोळी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. बाहेरून येऊन इथे दुकान टाकणाऱ्याला हा दिवस माहीत नसतो आणि त्याचा माल सकाळी दहालाच संपतो. रमजानमध्ये मुंब्रा-कौसा आणि भिवंडीचा उठाव संध्याकाळी चढतो. बकरी ईदनंतर चार दिवस चिकन पडतं, कारण घरोघरी मटण असतं.

शेतकऱ्यांना पिल्लं-खाद्य देऊन पक्षी वाढवून घेणाऱ्या इंटिग्रेटर कंपन्यांनाही हे पंचांग पाठ असतं. अंडं उबवायला २१ दिवस आणि पक्षी वाढायला ४०, म्हणजे आज घेतलेला निर्णय दोन महिन्यांनी बाजारात दिसतो. श्रावणात माल अंगावर पडू नये म्हणून जूनपासून पिल्लं कमी टाकतात. सगळ्यांनी एकदम कमी टाकली की श्रावण संपताना माल कमी आणि गिऱ्हाईक परतलेलं, भाव उसळतो. मार्च २०२० मध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली, फार्मचा भाव उत्पादन खर्चाच्या खूप खाली गेला, लोकांनी पिल्लं टाकणं थांबवलं आणि पुढे टंचाई झाली, तेही याच साखळीने. लेअरचं चक्र याहून संथ आहे. पिल्लू १८-२० आठवड्यांनी अंड्यावर येतं आणि ७२ आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं. म्हणून अंड्याच्या चढउतारात हंगाम जास्त दिसतो: थंडीत वर, उन्हाळ्यात खाली.

भावाची खालची पातळी ठरवतो मका आणि सोयापेंड. खाद्य हाच खर्चाचा मोठा भाग, साठ ते सत्तर टक्के. लेअर रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाते, त्यात निम्म्याहून जास्त मका. इथेनॉलसाठी मक्याला नवीन गिऱ्हाईक मिळाल्यापासून अंड्याचा तळ वर सरकलाय, तो पूर्वीच्या जागी परत येईल असं वाटत नाही. सोयापेंड इतकी महागली होती की ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने १२ लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेली) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ती उतरवायला सुरुवातीला नेमून दिलेल्या ठिकाणांत आपलं न्हावा शेवा होतं.

आणि बर्ड फ्लू. २००६ मध्ये नवापूर, फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातलं वेहळोली, जानेवारी २०२५ मध्ये उरणचं चिरनेर. बाधित जागेपासून १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात, १० किलोमीटरवर लक्ष ठेवतात. ७० अंश तापमानाला नीट शिजलेल्या मांसात आणि अंड्यात विषाणू राहत नाही, पण गिऱ्हाईक थर्मामीटर घेऊन येत नाही. बातमी आली की उठाव आधी पडतो, भाव मागून. त्या दिवसांत हाफ-फ्राय बंद करा, पक्कं शिजवलेलंच विका, आणि माल कुठून येतो ते बिलावर लिहून घ्या. अंडी तेलंगण किंवा कर्नाटकातून येत असतील तर ते गिऱ्हाइकाला दाखवता येतं.

पेटी उतरवून घेताना टेम्पोवाला घाईत असतो. मुंब्रा बायपास आणि घोडबंदरला अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ गाठायची असते. तरी त्याला पाच मिनिटं थांबवा, सगळ्यात खालचा ट्रे आधी काढा आणि फुटलेली त्याच्यासमोर मोजून चलनावर लिहा. दुपारी फोन करून सांगितलेली फूट कुणी वळती करत नाही.