२ ऑगस्ट २०२७च्या सूर्यग्रहणाची तालीम मे महिन्यातच घ्या

२ ऑगस्ट २०२७. वार सोमवार, तिथी दीप अमावस्या. त्या दिवशी खग्रास ग्रहणाचा पट्टा स्पेनच्या दक्षिण टोकावरून मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जाईल. इजिप्तमध्ये लक्सरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पुरता झाकलेला राहील. आपल्या वाट्याला दुपारनंतरचं खंडग्रास ग्रहण येतं. महाराष्ट्रात कुठेही अर्धा सूर्यसुद्धा झाकला जाणार नाही आणि कोकणातून विदर्भाकडे जावं तसा चंद्राचा चावा लहान होत जाईल.

म्हणजे चावा लहान, वर भर पावसाळा. गावात, शाळेत किंवा सोसायटीत ग्रहण दाखवणारे बहुतेक गट पंधरा दिवस आधी कामाला लागतात. या वेळी ते पंधरा दिवस जुलैच्या उत्तरार्धात पडतात, तेव्हा सूर्याचं दर्शनच दुर्मीळ. मग आरसा, चष्मे, दुर्बीण, सगळं पहिल्यांदा सूर्यासमोर येतं ते थेट ग्रहणाच्या दिवशी, दोनशे माणसं रांगेत उभी असताना. माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक असते आणि ती टाळणं सोपं आहे.

२ ऑगस्टला सूर्याची क्रांती, म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं त्याचं अंतर, जवळपास १७.८ अंश उत्तर असते. उत्तरेकडे सरकताना सूर्य नेमका याच जागी ११ मेच्या सुमारास असतो. म्हणजे ११ मेला सूर्य आकाशात ज्या वाटेने मावळतीला जातो, त्याच वाटेने २ ऑगस्टला जाणार. फरक फक्त दहा मिनिटांचा: मेमध्ये सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे असतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मागे. ११ मेला ४ वाजून ५० मिनिटांनी सूर्य ज्या झाडाच्या शेंड्यावर दिसेल, त्याच शेंड्यावर २ ऑगस्टला ५ वाजता दिसेल. मेमध्ये आकाश स्वच्छ, शाळांना सुट्टी. ११ मे मंगळवारी येतो. त्याआधीचा रविवार, ९ मे, सुद्धा चालेल, अर्ध्या अंशाने काही बिघडत नाही.

लोक जमवायला त्याच दिवसांत शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा क्षण, आहेच: पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास १२ वाजून ३१ मिनिटांनी, मुंबईत १५-१६ मेच्या आसपास १२:३५ला, नागपुरात २६ मेच्या सुमारास १२:१०ला. त्यासाठी सपाट फरशी, एक सरळ नळी आणि ओळंबा एवढं पुरतं. सावली गेली की लोक पांगतात, म्हणून चार वाजताच्या तालमीचं निमंत्रण तिथेच द्या.

आता दाखवायचं कशाने? छिद्राची पेटी, म्हणजे बारीक छिद्रातून आत सूर्याचं बिंब पाडणारं खोकं, बहुतेक जण बनवतात, पण या ग्रहणाला ती कमी पडेल. छिद्रातून पडणाऱ्या सूर्यबिंबाचा व्यास अंतराच्या सुमारे १०९व्या भागाएवढा असतो. ३० सेंटिमीटरच्या बुटांच्या खोक्यात बिंब तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. त्यातला तिसरा हिस्सा कापला गेला तरी एक मिलिमीटरची खाच, आणि तीही धूसर. तेच बिंब १५ मीटरवर टाकलं तर जवळपास १४ सेंटिमीटरचं होतं, बशीएवढं. त्यातला चावा मागच्या रांगेतल्या आजींनाही दिसतो. म्हणून सगळा भर चेंडू-आरशावर ठेवावा: वाळू भरलेल्या चेंडूवर बसवलेला छोटा आरसा, जो बाहेरचं ऊन अंधाऱ्या हॉलच्या भिंतीवर फेकतो. जनविज्ञान चळवळीने हे साधन गावोगाव नेलं आहे आणि ते दोनशे रुपयांच्या आत होतं.

मुलांचा १५ सेंटिमीटर व्यासाचा प्लॅस्टिकचा चेंडू घ्या. त्याला दोन सेंटिमीटरचं भोक पाडून कोरडी, चाळलेली वाळू ठोकून ठोकून गच्च भरा. पावणेतीन किलोच्या आसपास बसते. इथे हात आखडू नका. चेंडू अर्धवट भरला तर नेम धरल्यावर आतली वाळू सावकाश घसरते, चेंडू आपोआप फिरतो आणि बिंब भिंतीवरून पळतं. भोकावर एम-सील लावून बंद करा. बैठकीसाठी ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा पाच सेंटिमीटर उंचीचा तुकडा घ्या. त्या कड्यावर चेंडू कुठल्याही दिशेला फिरतो आणि सोडला की तिथेच थांबतो.

आरसा काचवाल्याकडून तीन सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा, काच दोन मिलिमीटरची. जाड काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून दुसरं फिकट बिंब पडतं आणि कडा दुहेरी दिसते. आरसा फोमच्या टेपने चिकटवू नका, उन्हात टेप मऊ पडते आणि आरसा हळूहळू कलतो. तोही एम-सीलनेच बसवा. आरशावर काळा कार्डपेपर आणि त्याला ऑफिसच्या पंचिंग मशीनचं एक भोक. ते सुमारे सहा मिलिमीटरचं असतं आणि १५ मीटर अंतरासाठी अगदी जवळपास योग्य मापाचं ठरतं. उघडा आरसा ठेवला तर उजेड भरपूर येतो, पण बिंबाची कड तीन सेंटिमीटरभर पसरते आणि चाव्याची टोकं बोथट होतात. याउलट दोन मिलिमीटरचं भोक केलं तर बिंब इतकं मंद होतं की भिंतीवर शोधावं लागतं. सहा मिलिमीटरलासुद्धा हॉल अंधारा हवाच. खिडक्यांना पुठ्ठे लावा, पातळ पडदे पुरत नाहीत.

सूर्य पश्चिमेला असणार म्हणून पश्चिमेचं दार निवडावंसं वाटतं. प्रत्यक्षात पूर्वेचं दार बरं. पश्चिमेच्या दाराशी आरसा जवळजवळ आडवा ठेवावा लागतो, किरण खूप तिरपे पडतात आणि गोल भोक चपट्या फटीसारखं वागतं. पूर्वेच्या अंगणात आरसा ठेवला की तो छपरावरून येणारं ऊन घेऊन सरळ दारातून परत आत फेकतो आणि बिंब गोल, नेटकं येतं. बहुतेक शाळा आणि देवळांची दारं पूर्वेलाच असतात. फक्त इमारतीच्या सावलीचा हिशोब करा. सूर्य ४५ अंशांवर असताना चार मीटर उंच इमारतीची सावली चार मीटर पडते, ३० अंशांवर तीच सात मीटर होते, आणि पाचच्या सुमारास मुंबई-पुण्यात सूर्य ३० अंशांच्या जवळपासच असेल. चार वाजता उन्हात असलेला चेंडू पाचला सावलीत गेला तर ऐन ग्रहणमध्याला भिंत कोरी. म्हणून मेच्या तालमीत जागा खडूने आखून घ्या आणि मोजमाप वहीत लिहा, कारण खडू पहिल्या पावसात जाईल.

१५ मीटरवर बिंब मिनिटाला सहा सेंटिमीटर सरकतं. चेंडूपाशी सतत एक जण बसलेला हवा आणि दर अर्ध्या तासाला तो बदलावा. लोक किरणांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून आरशाच्या दोन्ही अंगांना दोरी बांधा. आतून कोणी त्या भोकाकडे पाहिलं तर ते उघड्या डोळ्याने सूर्याकडे पाहण्यासारखंच आहे.

"चावा उलटा का दिसतो?" हा प्रश्न हमखास येतो. पश्चिमेकडे तोंड करून चष्म्यातून पाहिलं तर चावा सूर्याच्या डाव्या-खालच्या अंगाला सुरू होऊन डाव्या कडेने वर सरकताना दिसेल. पूर्वेच्या दारातून भिंतीवर पडलेल्या बिंबात तो उजवीकडे वर सुरू होईल, कारण तिथे वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही उलटतं. छिद्राच्या पेटीत फक्त वर-खाली उलटतं. भिंतीवर कागद लावून दर दहा मिनिटांनी मुलांकडून बिंबाची कड गिरवून घ्या, वेळ लिहा. संध्याकाळपर्यंत चंद्राची वाट कागदावर उमटलेली असते.

ग्रहण पाहायचे चष्मे आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाचेच हवेत. त्यांतून प्रकाशाचा सुमारे तीस हजारावा भाग किंवा त्याहून कमीच पार होतो. घरात डोळ्याला लावून पाहा. खिडकी, फर्निचर काहीही दिसलं तर चष्मा बाद. २०१९-२०च्या ग्रहणांचे जपून ठेवलेले चष्मे असतील तर प्रत्येक भिंग मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून टाचणीएवढी छिद्रं, चरे, घडीच्या रेघा शोधा. एक छिद्र दिसलं तरी कापून टाका, "मुलांना खेळायला" देऊ नका. चष्मा घालून दुर्बिणीत किंवा बायनॉक्युलरमध्ये कधीही पाहायचं नाही. तिथे सूर्याची गाळणी (फिल्टर) दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, चिकटपट्टीने घट्ट बसवलेली हवी आणि तिच्यावरच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ असते, म्हणून चष्मा हाताने थोडा दूर धरायला सांगा. ओल्या कापडाने पुसला तर पडदा खराब होतो.

परातीतल्या पाण्यात ग्रहण पाहायची जुनी पद्धत आहे. तिला थट्टेने उडवू नका, आकडा सांगा. डोक्यावरचा सूर्य पाण्यातून दोन टक्के परावर्तित होतो. सूर्य ३० अंशांवर उतरला की सहा टक्के. चष्मा जेवढं सोडतो त्याच्या हे हजारो पट आहे. संध्याकाळच्या ग्रहणात परात आणखी धोक्याची.

पातळ ढगांचा धोका सगळ्यांत फसवा. ढगामागचा सूर्य मवाळ दिसतो, चष्म्यातून काहीच दिसत नाही, लोक चष्मा काढून टक लावतात आणि तेवढ्यात ढग फाटतो. यासाठी मैदानात एक माणूस फक्त "चष्मा काढू नका" एवढंच सांगायला ठेवा.

दुर्बिणीवर मदार ठेवू नका. माणशी ४० सेकंद धरले तर दीड तासात १३५ जण होतात, तेही ढग आले नाहीत तर. वेळा सांगताना स्पर्श, मध्य, मोक्ष हेच शब्द वापरा, ते घरोघरी माहीत आहेत. वेळा आपल्या गावाच्या काढा, कारण मुंबई आणि गडचिरोलीच्या वेळा एक नसतात. गर्भवती बाई आली तर तिलाही रांगेत चष्मा द्या, तिच्यासाठी वेगळा नियम नाही.

आकाश पूर्ण भरलेलं असेल तर? लक्सरची खग्रास स्थिती आपल्या घड्याळात साडेतीनच्या सुमारास आहे, म्हणून हॉलमधलं थेट प्रक्षेपण त्याआधीच सुरू करा आणि लोकांना तीनलाच बोलवा. त्यानंतर काय, याचं उत्तर त्या दिवशी घरोघरी घासूनपुसून ठेवलेले दिवे देतात. अंधारात एक समई लावा. कार्डपेपरला दोन मिलिमीटरचं भोक पाडून तो ज्योतीपासून १५ सेंटिमीटरवर धरा आणि मागे तेवढ्याच अंतरावर बटर पेपर. कागदावर ज्योत उलटी उभी राहते. शेजारी दुसरं भोक पाडलं की दोन ज्योती, दहा भोकं पाडली की दहा. मग समईची दुसरी वात लावा आणि मुलांना विचारा, आता किती दिसतील?