काटा खाली आल्यानंतरचे सहा किलोमीटर

मंगळवार, रात्र

गाडी गॅरेजमध्ये पोहोचवून आले. टोइंगच्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून, बाहेरच्या आरशात मागे चढवलेली आपलीच गाडी पाहत येणे हा अनुभव मी याआधी घेतला नव्हता. अकरा वर्षे आणि 1,84,312 किलोमीटर चाललेली सात आसनांची डिझेल एसयूव्ही. तिची प्रत्येक सर्व्हिस, बदललेला प्रत्येक बेल्ट, प्रत्येक टायर मी एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवला आहे. त्या वहीत आजची नोंद करायला बसले, पण काय लिहावे ते सुचेना, म्हणून आधी येथे लिहीत आहे.

लांब चढावर तापमानाचा काटा नेहमीची मधली जागा सोडून वर सरकू लागला, तेव्हा मी एसी बंद केला आणि वेग कमी केला. दोन-तीन मिनिटांतच काटा झपाट्याने खाली आला. मला हायसे वाटले आणि त्या दिलाशाच्या भरवशावर मी गाडी आणखी सहा किलोमीटर नेली. मग गाडीची ओढ गेली, बॉनेटच्या कडांमधून वाफ येऊ लागली, इंजिनाच्या खालच्या भागातून ठकठक असा जड आवाज सुरू झाला आणि काही सेकंदांत इंजिन बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले नाही.

मेकॅनिकने रेडिएटरच्या वरच्या होजला, म्हणजे रबरी नळीला, पडलेली बोटभर लांबीची चीर दाखवली. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, तेथून निघून गेले होते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो आणि त्या द्रवाचे तापमान सांगतो. भोवती नुसती वाफ आणि हवा उरली, की तो खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवू शकतो. इंजिन मुळीच थंड झाले नव्हते. सेन्सरभोवती मोजायला द्रवच राहिला नव्हता. ज्या क्षणी मला हायसे वाटले, त्याच क्षणी गाडी थांबवायला हवी होती.

गुरुवार

आज इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे जाड धातूचे झाकण, उतरवले. मेकॅनिकने हेडच्या घासून स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर पोलादी सरळ पट्टी आडवी ठेवली आणि तिच्याखालून फिलर गेजचे, म्हणजे फट मोजण्याच्या ठरावीक जाडीच्या पात्यांपैकी, एक पान सरकवले. अशा हेडमध्ये मिलिमीटरच्या पाच शतांशांच्या आसपास वाक चालून जातो, येथे 0.20 मिलिमीटरचे पान सहज आत गेले. हेड ॲल्युमिनियमचे आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, आणि हेड तर बोल्टांनी ब्लॉकला जखडलेले असते, त्यामुळे त्याला पसरायला जागा मिळत नाही आणि ते वाकते. ते वाकले की मधले गॅस्केट, म्हणजे सांधा गळू न देणारा पातळ थर, आपली पकड सोडते.

येथपर्यंतचे काम आटोक्यातले होते. हेड मशीनवर सपाट करून घेता येते, गॅस्केट नवे बसवता येते. परंतु उरलेसुरले कूलंट ऑइलच्या मार्गात शिरले होते आणि खालच्या चेंबरमधून काढलेले ऑइल दुधाळ, राखाडी झाले होते. पिस्टनांच्या धक्क्याने फिरणारा क्रँकशाफ्ट आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते आणि त्या फटीतला ऑइलचा थर धातूला धातूपासून दूर ठेवतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला 50 वेळा वर जाऊन खाली येतो आणि तो सारा मार तेवढा थर झेलत असतो. पाणी मिसळलेल्या ऑइलला हे जमत नाही. ऑइल फिल्टर कापून त्याची घडी उलगडली तेव्हा कागदभर धातूचे चमचमते कण पसरलेले होते. तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग जागचे फिरले होते आणि क्रँकच्या त्या भागावर नखाला लागतील एवढे खोल ओरखडे उठले होते.

काटा वर गेला तेव्हाच मी थांबले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. मेकॅनिक थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘‘होज आणि कूलंट, ताई. फार तर गॅस्केट.’’ त्याने हे टोचण्यासाठी म्हटले नव्हते. मी विचारले म्हणून सांगितले. तरीही दिवसभर तेवढेच वाक्य डोक्यात आहे.

शुक्रवार

तीन मार्ग समोर आहेत. पहिला, हेच इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधणे: क्रँक 0.25 मिलिमीटर घासून त्या मापाची बेअरिंगे, सिलिंडर मोजून गरज पडल्यास बोअरिंग, म्हणजे आतून घासून व्यास वाढवणे, आणि मोठे पिस्टन, नव्या रिंगा, सपाट केलेले हेड. दुसरा, अपघातात निकामी झालेल्या तशाच एखाद्या गाडीतून काढलेले इंजिन बसवणे. तिसरा, गाडी आहे त्या स्थितीत देऊन टाकणे.

पहिल्या मार्गाचा खर्च याच वयाच्या, याच मॉडेलच्या चालू गाडीच्या किमतीच्या दोन तृतीयांशांवर जातो. दुसरा त्याच्या जवळजवळ निम्म्यात बसतो, पण त्या इंजिनाचा पूर्वेतिहास कोणी सांगू शकत नाही. बाहेर काढून ठेवलेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतात ते, तपासता येते, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे का ते पाहता येते, बारीक कॅमेऱ्याचा बोरस्कोप घालून सिलिंडरच्या भिंती पाहता येतात. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदलले होते का, हे मात्र यांपैकी कशातूनही खात्रीने समजत नाही. शिवाय इंजिन नुसते अदलाबदल करण्याजोगे नसते. सेन्सर, वायरिंग आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा त्याच प्रकारची असावी लागते, इंजेक्टरवरचे अंक गाडीच्या संगणकात नव्याने भरावे लागतात आणि नोंदणीच्या कागदांवरचा इंजिन क्रमांक बदलून घ्यावा लागतो.

मेकॅनिकने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती सांगितली म्हणून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. इंजिन नवे असो वा जुने, ऑइल कूलर तोच ठेवला तर त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेले धातूचे कण सुटून नव्या बेअरिंगांत जातात आणि काही महिन्यांत हीच ठकठक पुन्हा ऐकू येते. टर्बोचेही, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचेही, तेच. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि याच ऑइलवर फिरतो, म्हणून त्याची तपासणी टाळता येत नाही. स्वस्तातल्या अंदाजपत्रकांत कूलर आणि टर्बो यांचा उल्लेख का नसतो, हे आता कळले. दुसऱ्या एका गॅरेजने फोनवर दिलेल्या अंदाजात दोन्ही नव्हते. मी विचारल्यावर ‘‘ते नंतर बघू’’ असे उत्तर आले.

शनिवार

धाकट्या भावाचा आग्रह होता की भंगारात देऊन मोकळे व्हावे. मला ते ऐकवत नव्हते. मी संध्याकाळपर्यंत इंजिन बांधून घेण्याच्या बाजूने कारणे जमवत होते: दोन वर्षांपूर्वी क्लच बदलला आहे, गेल्या वर्षी सगळे टायर नवे घातले, एसीचा कॉम्प्रेसर नवा आहे, आईला उंच आसनावर बसायला आणि उतरायला सोपे जाते. वही उघडून मी या सगळ्या खर्चांची बेरीजही केली.

बेरीज करता करताच लक्षात आले की यांतले बहुतेक पैसे कधीच खर्च होऊन गेले आहेत आणि गाडी ठेवली किंवा दिली, तरी ते परत यायचे नाहीत. आईचे कारण खरे आहे, पण तिला उंच आसन हवे आहे. ते याच गाडीचे असावे असे तिने कधी म्हटलेले नाही. मग मला ही गाडी पुन्हा सुरू झालेली का पाहायची होती? उत्तर द्यायला वेळ लागला. ती सुरू झाली, की ते सहा किलोमीटर घडलेच नाहीत असे मला वाटणार होते. दुरुस्तीचे बिल मी दंड म्हणून भरायला तयार झाले होते. आपल्या चुकीबद्दल वाईट वाटणे योग्यच आहे, परंतु दोन टन वजनाचे वाहन आणखी पाच वर्षे माणसे घेऊन रस्त्यावर धावावे की नाही, हे त्या वाईट वाटण्यावरून ठरवणे मला योग्य वाटले नाही. ते गाडीच्या उरलेल्या भागावरून ठरायला हवे, आणि तो उरलेला भाग गेल्या चार दिवसांत कोणीही पाहिलेला नव्हता.

सोमवार

गाडी लिफ्टवर घेऊन तासभर पाहिली. इंजिनाचे काम ज्याला मिळणार नाही असा दुसरा मेकॅनिक मी मुद्दाम बोलावला होता. गिअरबॉक्सचे ऑइल स्वच्छ, त्यात कणही नाहीत. पुढचा ॲक्सल घट्ट. स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा नाही. मला वाटू लागले की गाडी वाचली.

मग तो मागच्या चाकांकडे गेला. या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, शिडीसारखी, दोन लांब पट्ट्या आणि मधल्या आडव्या दांड्या असलेली आहे, आणि मागचा ॲक्सल ज्या आर्म्सनी तिला जोडलेला असतो त्यांतल्या डाव्या आर्मच्या आधाराजवळ त्याने हातोडीने हलकेच ठोकले. पुढच्या भागात खणखणीत वाजणारा आवाज तेथे बद्द आला आणि गंजाचे पापुद्रे खाली पडले. पट्टीच्या आतल्या बाजूला, जेथे चिखल साचून राहतो आणि धुतानाही पाणी पोहोचत नाही, तेथे धातू स्क्रूड्रायव्हरच्या टोकाखाली दबत होता. माझ्या वहीत अकरा वर्षांत या जागेची एकही नोंद नाही, कारण सर्व्हिसच्या यादीत ती कधी नव्हतीच. वेल्डिंग करता येईल का, असे मी विचारले. करता येईल, पण गंज कोठवर गेला आहे ते कापल्याशिवाय कळणार नाही, आणि पूर्ण भरलेल्या गाडीचा मागचा भार याच जागेवर येतो, असे तो म्हणाला.

इंजिन बांधले असते तर ही जागा मला दिसली नसती, या विचाराने मी हादरले. नव्या इंजिनाच्या विश्वासावर मी आईला घेऊन त्याच चढावर गेले असते. निर्णय तेथेच, लिफ्टखाली उभी असताना झाला.

बुधवार

दोन जण गाडी पाहून गेले. पहिल्याने सुचवले की हेडचे काम तेवढे करून घ्या, जाड ऑइल भरा, ठकठक काही दिवस दबेल आणि चालू गाडी म्हणून चांगली किंमत येईल. तशी दबते हे खरे आहे. जाड ऑइल मोठ्या झालेल्या फटीत थोडा वेळ टिकते. पण फिरलेले बेअरिंग तसेच राहते, आणि ते भर वेगात अडकले तर कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. गाडीत त्या वेळी कोण असेल ते मला ठाऊक नसते, एवढेच मी त्याला सांगितले आणि बोलणे थांबवले.

दुसरा गाड्या सोडवून सुटे भाग विकणारा होता. त्याने विचारायच्या आधीच मी त्याला चासीची ती जागा दाखवली, कापलेला फिल्टर दाखवला. त्याने मान डोलावली आणि कामाचे भाग मोजले: गिअरबॉक्स, पुढचा ॲक्सल, दरवाजे, काचा, आसने, एसीचा कॉम्प्रेसर. टर्बो त्याने हातात घेतला आणि बाजूला ठेवला. हे ऑइल प्यालेला टर्बो दुसऱ्याच्या गाडीत घालणार नाही, असे तो म्हणाला. सौदा ठरायला त्यानंतर वेळ लागला नाही. आलेली रक्कम मोठी नाही, तरी मला ती प्रामाणिक वाटली. नोंदणी रद्द करण्याचे कागद पूर्ण झाल्याखेरीज एकही भाग सुटणार नाही, हे मी त्याच्याकडून लिहून घेतले.

गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले होते, असे त्याने विचारले, तेव्हा मी वहीच त्याला देण्याचे ठरवले. ज्या गाडीत तो गिअरबॉक्स जाईल तिच्या मालकाला त्या तारखांचा उपयोग होईल. देण्यापूर्वी आठवडाभर राहिलेली नोंद पूर्ण केली. 1,84,312 किलोमीटर. रेडिएटरचा वरचा होज फाटला. हेड वाकले, तिसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग फिरले. मागच्या डाव्या आर्मच्या आधाराजवळ चासी गंजलेली. काटा वर जाऊन खाली आल्यानंतर मालकिणीने गाडी न थांबवता सहा किलोमीटर चालवली. खाली तारीख घातली, सही केली आणि वही त्याच्या हातात दिली.