श्रीरामपूरच्या मार्शमनबाई

सोमवार, रात्री

कॅरीचं मराठी व्याकरण 1805 चं, मोडीतला शब्दकोश 1810 चा, मराठी नवा करार 1811 चा, सिंहासनबत्तिशी 1814 ची. सगळं श्रीरामपूरला छापलेलं. हे आपलं नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे, बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. मराठी छपाईचा इतिहास चाळायला लागलं की हीच नावं पुन्हा पुन्हा भेटतात: इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी, त्याला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित, छापखाना बघणारा वॉर्ड, त्यांचा सोबती जोशुआ मार्शमन. आज मात्र मी भलत्याच प्रश्नात अडकले. एवढे उद्योग चालले होते, तर घर कोण बघत होतं? पैसे कुठून येत होते?

बऱ्याच अंशी उत्तर एकच निघालं: जोशुआची बायको, हॅना.

हॅनाबाईंचा जन्म 1767 चा. आजोबा इंग्लंडात विल्टशरमधल्या एका बाप्टिस्ट (प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) मंडळीचे पाळक, त्यामुळे पाळकाच्या घरातली शिस्त लहानपणापासून माहीत. लग्न 1791 साली, एका विणकराच्या मुलाशी. त्याला पुस्तकांचं भारी वेड. आठ वर्षांनी दोघं मुलाबाळांसह अमेरिकन जहाजातून निघाले, कारण ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या हद्दीत मिशनरी नकोच होते. 13 ऑक्टोबर 1799 ला ते श्रीरामपूरला उतरले. गाव डेन्मार्कच्या ताब्यातलं, म्हणून तिथे आसरा मिळाला. सोबत आलेल्यांपैकी ग्रँट महिन्याच्या आत वारला, ब्रन्सडन 1801 मध्ये. हॅनाबाई तेव्हा बत्तीस-तेहतीस वर्षांच्या. त्या पुढे सत्तेचाळीस वर्षं जगल्या.

मंगळवार

मे 1800 मध्ये मार्शमन दांपत्याने दोन निवासी शाळा काढल्या, एक मुलांची, एक मुलींची. मुलींची हॅनाबाई चालवायच्या. फी देणारी मुलं बहुतेक युरोपियन घरांतली. मिशनचा जमाखर्च पाहिला तर तीन मोठे झरे दिसतात: कॅरीचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचा पगार (सुरुवातीला महिना पाचशे रुपये, 1807 पासून हजार), वॉर्डचा छापखाना आणि या शाळा. सगळी कमाई एकाच पेटीत, जेवण एकाच टेबलावर, प्रत्येकाला हातखर्चापुरतंच. आपल्याकडचं एकत्र कुटुंबच म्हणा, फक्त सगळे परके.

म्हणजे आपल्या मराठीची सुरुवातीची छापील पुस्तकं काढणाऱ्या त्या घराच्या खर्चात एका बाईच्या शाळेची फी होती. 'पाठीशी उभी राहिलेली पत्नी' वगैरे भाषणात छान वाटतं, पण या बाई पाठीशी नव्हत्या, त्या कमावत्या होत्या. कमावत्या बाईचा हिशेब सावली-आधार असल्या शब्दांत मांडला की मला राग येतो.

त्याच अंगणात कॅरीची बायको डोरोथी होती. ती मनाने कधीच यायला तयार नव्हती. 1794 मध्ये पाच वर्षांचा मुलगा गेला आणि तिचं मन ढासळलं ते पुन्हा सावरलं नाही. पलीकडच्या खोलीत नवरा भाषांतर करतोय आणि इकडे ती कोंडलेली, असं तिने 1807 पर्यंत काढलं. कॅरीचे मुलगे मोकाट सुटले होते. बापाला ते दिसत होतं, वाईटही वाटत होतं, पण स्वभाव इतका मऊ की उपाय काही होईना, असं हॅनाबाईंनीच लिहून ठेवलंय. मग त्यांनी आणि वॉर्डने त्या मुलांना वळण लावायला घेतलं. डोरोथीबद्दल मला जास्त वाचायचंय. ती वाईट होती असं कुणी म्हणत नाही, पण तिची चौकशीही फार कुणी करत नाही.

स्वतः हॅनाबाईंना बारा मुलं झाली. बापाच्या पश्चात उरली पाच. त्या काळात हे विशेष नव्हतं, असं म्हणायची पद्धत आहे. मला ते म्हणवत नाही.

गुरुवार

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. टाइप, कागद, हस्तलिखितं, सगळं गेलं. अक्षरांचे साचे मात्र ढिगाऱ्यातून हाती लागले, वितळलेलं शिसं गोळा करून नवे टाइप ओतले, आणि काही महिन्यांत यंत्रं पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेहून काही तरुण मिशनरी जोडपी येऊन पोचली, आणि त्यांचाही पाहुणचार श्रीरामपूरच्याच घराने केला. राखेतून सावरत असलेल्या घरात पाहुणे! त्यांच्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे त्याच मिशनच्या सिंथिया फरारबाई नगरला मुलींची शाळा चालवत होत्या, आणि ती जोतीराव फुल्यांनी पाहिली होती. हे सगळं हॅनाबाईंमुळे झालं असं मुळीच नाही. पण ओळखीच्या गावाकडे जाणारी वाट त्यांच्या दारावरून गेली, एवढं खरं.

या सगळ्याच्या मुळाशी धर्मांतराचा हेतू होता, तो झाकायचं कारण नाही. मला तो पटत नाही. तरी बाईंच्या कामाची मापं घेताना तेवढं एकच माप पुरत नाही.

शुक्रवार

आज दुपारभर भांडणंच वाचली. नंतर आलेल्या तरुण मिशनऱ्यांनी मार्शमन कुटुंबावर आरोप केले की हे थाटात राहतात, मिशनच्या पैशावर घर भरतात. त्यांना पाठवणाऱ्या लंडनच्या बाप्टिस्ट मिशनरी सोसायटीशी वाद इतका चिघळला की 1827 मध्ये फारकत झाली. कॅरीने शेवटपर्यंत मार्शमनांची बाजू घेतली. मला वाटतं, यात एक साधी गोष्ट विसरली जाते: साहेबांच्या घरातल्या मुली शाळेत हव्या असतील तर दिवाणखाना फाटका ठेवून चालत नाही.

या भांडणांच्या काळात एकेक जण गेला. वॉर्ड 1823 मध्ये कॉलऱ्याने, कॅरी 1834 मध्ये. 1836 मध्ये मसुरीजवळच्या लंढौरला मार्शमनांच्या मुलीच्या बंगल्याला आग लागली, तिचं तान्हं बाळ गेलं, ती स्वतः जेमतेम वाचली. (ही मुलगी म्हणजे हेन्री हॅवलॉकची बायको. पुढे सत्तावन्नच्या लढाईमुळे सगळ्यांना ठाऊक झालेला तोच हॅवलॉक.) त्या धक्क्यातून जोशुआ सावरला नाही. 5 डिसेंबर 1837 ला तो वारला. दोन दिवसांनी लंडनमध्ये समेटाच्या कागदावर सह्या झाल्या, आणि बातमी पोचेपर्यंत ज्याच्याशी भांडण होतं तोच उरला नव्हता.

हॅनाबाई मात्र होत्या, अजून नऊ वर्षं. 1845 मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूर कंपनीला विकून टाकलं. ज्या कंपनीला त्या नको होत्या, तिच्याच गावात बाई म्हाताऱ्या झाल्या. 5 मार्च 1847 ला, एकोणऐंशी वर्षांच्या असताना त्या गेल्या.

मुलगा जॉन क्लार्क मार्शमन याने 1859 मध्ये मिशनचा इतिहास दोन खंडांत लिहिला. नावात तीन माणसं आहेत: कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड. पहिला खंड अर्ध्यावर आलाय. उद्यापासून पेन्सील घेऊन बसणार. आईचा उल्लेख आला की समासात खूण, आणि शाळेच्या पैशांचा आला की वेगळी खूण.