उणे तीसमध्ये गाडी चालू होत नाही तेव्हा

कॅनडात विनिपेग, एडमंटन, सस्काटूनकडे शिकायला येणारी आपली बरीच मुलं पहिली गाडी सेकंडहँड घेतात. उन्हाळाभर ती छान पळते आणि जानेवारीतल्या एखाद्या सकाळी हलायचं नाव घेत नाही. अशा वेळी सेल्फवर सेल्फ मारू नका. एका वेळी फार तर दहा सेकंद, मग दोन मिनिटं थांबायचं, नाहीतर बॅटरीबरोबर स्टार्टरही जातो. त्या दहा सेकंदांत नीट कान द्या.

भराभर कट्कट् वाजतं आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, तेव्हा बॅटरी उतरलेली असते. एकदाच 'टक्' होऊन सगळं गप्प, पण हेडलाइट लख्ख, असं असेल तर टर्मिनल सैल किंवा गंजलेलं असतं, नाहीतर स्टार्टर खराब. सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीच्या मागे लागू नका. पेट्रोल किंवा स्पार्क पोचत नाहीये. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर इंजिन ओव्हर झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल गेलंय: अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. बटणवाली गाडी अगदीच मुकी असेल तर किल्लीतला सेल बघा. बऱ्याच गाड्यांत किल्लीच बटणाला टेकवली की काम होतं.

तरी या थंडीत पहिला संशय बॅटरीवरच घ्यावा. उणे १८ अंशांना तिची ताकद साधारण निम्मी होते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. मल्टीमीटर लावून बघा. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळपास रिकामी.

रिकाम्या बॅटरीतलं अ‍ॅसिड पातळ झालेलं असतं, ते उणे १० च्या आसपासही गोठतं. बॅटरीच्या बाजू फुगलेल्या दिसल्या तर जंप केबल अजिबात लावू नका, बॅटरी फुटू शकते. ही गोष्ट आपल्याकडे कुणी शिकवत नाही, कारण तिथे तशी वेळच येत नाही.

बॅटरी ठीक दिसत असेल तर जंप द्या, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून गाडी चालू करा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. ते मायनसला लावलं तर ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ उडते. दुसरी गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना उलटा क्रम. केबल जाडच घ्या, स्वस्तातल्या बारीक केबलमधून पुरेसा करंट जात नाही. आणि धक्का मारायचा विचार सोडा, इथल्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक आहेत.

मुळात ही वेळ टाळणारी गोष्ट म्हणजे ब्लॉक हीटर. इथल्या गाड्यांच्या नाकाखाली लोंबणारा प्लग दिसतो, तो त्याचाच. लहान गाडीत तो साधारण ४०० वॉटचा असतो आणि इंजिनातला कूलंट गरम ठेवतो. रात्रभर लावायची गरज नाही. टायमर लावून निघण्याआधी तीन-चार तास पुरतात. एक्स्टेन्शन वायर बाहेरच्या थंडीसाठी बनवलेलीच हवी, घरातल्या वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. घर भाड्याने घेताना पार्किंगला सॉकेट आहे का, आणि तो चालू आहे का, हे आवर्जून विचारा. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेलंच, बहुधा ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३०. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.

गाडी चालू झाली की जागेवर दहा मिनिटं घुरघुरत ठेवून बॅटरी भरत नाही, निदान अर्धा तास चालवा. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२ च्या घरात असतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये. अल्टरनेटर ठीक असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १२.२ दिसलं आणि बॅटरी चार-पाच वर्षांची असेल, तर चार्जिंगवर वेळ न घालवता नवी घ्या. तिच्यावरचा सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँप्स) आकडा जुनीपेक्षा कमी नसावा. तोच आकडा उणे १८ अंशांना ती किती करंट देईल ते सांगतो.