काम झालं का शिडी उतरवून ठेवा

फिनलँडमध्ये शाळा सुटते जूनच्या सुरुवातीला. त्यामुळे आमची नागपूरची फेरी नेमकी मृगाच्या तोंडावर येते. पाऊस यायचा असतो पण आलेला नसतो, आणि कूलरच्या वाळ्यातून थंड हवेऐवजी दमट वाफ येत असते. अशाच एका संध्याकाळी महाल भागातल्या मावशीकडे बसलो असताना नेहमीचे दोन प्रश्न आले. तिकडे स्वतःचं घर घेतलं का? आणि तो तर जगातला सगळ्यात सुखी देश आहे म्हणतात, मग तुम्ही सुखी आहात का?

पहिल्याचं उत्तर दिलं. घेतलं, 2021 मध्ये. दुसऱ्याला मी काहीतरी पुटपुटलो आणि आंब्याच्या फोडीकडे वळलो. मावशीला जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितोय.

आम्ही राहतो टाम्पेरेला. दोन मोठ्या तळ्यांच्या मध्ये वसलेलं गाव, आणि त्यांना जोडणाऱ्या वेगवान प्रवाहाच्या काठी लाल विटांच्या जुन्या कापड गिरण्या. पहिल्यांदा त्या पाहिल्या तेव्हा मला नागपूरची एम्प्रेस मिलच आठवली. टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेली ती गिरणी आमच्या आजोबांच्या पिढीचं घड्याळ होती. टाम्पेरेच्या गिरण्यांत आता दुकानं आणि ऑफिसं आहेत. त्यातल्याच एका ऑफिसात मी कामाला होतो.

त्या दिवसांत माझ्याकडे एक छोटी वही होती. तिच्यात ओळी होत्या : कायमचा राहण्याचा परवाना, टीम लीडची जागा, घर, गाडी, आईबाबांना एकदा इकडे आणणं. एकेका ओळीवर खूण करत गेलो. घराची किल्ली हातात आली त्या रात्री रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून आम्ही वरण-भात खाल्ला, आणि खरंच फार छान वाटलं. पण तिसऱ्या आठवड्यात मी कर्ज किती वर्षं आधी फेडता येईल याचा तक्ता करत बसलो होतो. खिडकीतून तळं दिसत होतं. त्याच तळ्यासाठी ते घर घेतलेलं, आणि मी पडदा ओढून घेतला होता, कारण स्क्रीनवर उजेड पडत होता. ही गोष्ट मला फार उशिरा जाणवली.

मानसशास्त्रातला एक जुना अभ्यास आहे, 1978 चा. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या 22 जणांना गाठलं आणि त्यांची तुलना साध्या शेजाऱ्यापाजाऱ्यांशी केली. लॉटरीवाले फारसे जास्त सुखी निघाले नाहीत, एवढंच सगळीकडे सांगितलं जातं. मला अस्वस्थ केलं ते त्याच अभ्यासातल्या दुसऱ्या निष्कर्षानं : रोजच्या बारीकसारीक गोष्टींतून मिळणारा आनंद त्या लोकांना शेजाऱ्यांपेक्षा कमी मिळत होता. मित्राशी गप्पा, टीव्ही बघणं, नाश्ता. माझा ओढलेला पडदा हाच तो.

जानेवारी 2023 मध्ये माझी नोकरी गेली. एका सकाळी ऑनलाइन मीटिंग झाली, दुपारी लॅपटॉप परत केला. टाम्पेरेत तेव्हा दिवस सहा तासांचा असतो आणि तोही राखाडी. मला पैशांची भीती वाटली, पण त्याहून वेगळं काहीतरी होतं. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला बायकोबरोबर गेलो, तिथे एक नवीन कुटुंब आलेलं. त्या भाऊंनी साधं विचारलं, 'आपण काय करता?' आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. पंधरा वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच मी, असं धरून चाललो होतो.

त्याच महिन्यात शेजारचे आजोबा मला पिस्पाला भागातल्या रायापोर्ती साउनाला, म्हणजे वाफेच्या स्नानगृहाला, घेऊन गेले. 1906 पासून चालू असलेला हा सार्वजनिक साउना फिनलँडमधला सगळ्यात जुना समजला जातो. आत कपडे नाहीत, बाकावर सगळे सारखे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की वाफेची लाट अंगावर येते, तिला ते लोयलु म्हणतात. तासभरात कुणी कुणाला काम विचारलं नाही. बाहेर उणे आठमध्ये अंगातून वाफा निघत असताना मी उभा होतो आणि लक्षात आलं, की गेला तासभर मला माझी नोकरी आठवलीच नव्हती. तरी आत जो कोणी होता तो शाबूत होता.

पण खरं शिकवलं बाबांनी, आणि तेही शिकवायचं म्हणून नाही.

बाबा नागपूरच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये होते. अडीच फुटांच्या रुळांवरच्या छोट्या लाईनचे डबे तिथे दुरुस्त व्हायचे. नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड. बाबांचा हात दारं आणि बिजागऱ्यांवर. त्यांना बढती फार मिळाली नाही. कडबी चौकातून सायकलनं घरी यायचे, हातपाय धुवायचे, अंगणात सडा टाकायचे आणि खुर्ची घेऊन बसायचे. अर्धा तास. हातात काही नाही, रेडिओ नाही. लहानपणी मला वाटायचं, बाबा दमलेत. कॉलेजात असताना वाटायचं, बाबांना महत्त्वाकांक्षा नाही. हे मी त्यांना एकदा तोंडावर बोललोही होतो. ते म्हणाले, 'असू शकते बाप्पू,' आणि बसून राहिले.

जुलै 2023 मध्ये आईबाबा टाम्पेरेला आले. मी अजून बेकारच होतो आणि त्याची लाज वाटत होती. फिनलँडमध्ये जंगल कुणाचंही असलं तरी रानातली फळं वेचायला परवानगी लागत नाही, फक्त घराच्या अंगणात आणि शेतात शिरायचं नाही. तर आम्ही ब्लूबेरी वेचायला गेलो. माझ्याकडे फणीसारखे दात असलेलं हातखोरं, एका ओढीत मूठभर फळं. मी बादलीचा हिशेब करत होतो : फ्रीझरमध्ये किती, हिवाळ्याला किती पुरेल. बाबा उकिडवे बसून एकेक फळ बोटांनी काढत होते. दोन तासांत त्यांचा जेवणाचा डबा भरला. मग झाकण लावून ते दगडावर बसले.

'बाबा, अजून खूप आहेत.'

'हाव ना. दिसून रायल्या.' आणि त्यांनी समोरच्या झुडपाकडे अशा कौतुकानं पाहिलं, जणू न वेचलेली फळंही त्यांना मिळालेलीच होती.

त्या रात्री अकराच्या उजेडात मी त्यांना सुखाच्या यादीबद्दल सांगितलं. दरवर्षीच्या त्या 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट' नावाच्या अहवालात 2018 पासून फिनलँड पहिला येतोय. त्यासाठी लोकांना विचारतात : एक शिडी आहे असं समजा, तळाशी शून्य, वर दहा, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर? इथले लोक सरासरी साडेसातच्या थोडं वर सांगतात. तुम्ही किती सांगाल?

बाबांनी बराच विचार केला. चेष्टा नव्हती. वर्कशॉपमध्ये त्यांचं अर्धं आयुष्य शिडीवर गेलेलं.

'शिडी कामासाठी राहते,' ते म्हणाले. 'काम झालं का उतरून बाजूले ठेवा लागते. तिच्यावर घर कोण करते?'

मी समाधानाला पगार समजत होतो. आधी काम, मग महिनाअखेरी ते खात्यात जमा होणार. बाबांकडे ते आधीपासून होतं, आणि ते घेऊनच ते कामावर जायचे. म्हणून बिजागरी इतकी मन लावून घासायचे. 2019 मध्ये नागभीडची छोटी गाडी कायमची बंद झाली तेव्हा मी फोनवर हळहळलो होतो, तुमचं सगळं कामच पुसलं जातंय म्हणून. ते म्हणाले होते, 'लोकं पोचले ना इतके वर्ष.' तेव्हा ते वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं होतं.

इथे एक गोष्ट मला अगदी जपून लिहायची आहे, कारण हे नागपूर आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांच्या मागे लाखो लोक आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे उभे राहिले, ते 'आहे त्यात समाधान माना' हे ऐकायला नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना तेच ऐकवलं गेलं होतं. बुद्धांनी दुःखाचं मूळ म्हणून तृष्णा दाखवली, पण माणुसकीचा हक्क मागणं म्हणजे तृष्णा नव्हे. उपाशी माणसाला, अपमान सोसणाऱ्याला समाधानाचे धडे देणं मला क्रूरपणा वाटतो. बाबांना रेल्वेची पेन्शन आहे. मला त्या आठ महिन्यांत बेकारी भत्ता मिळत होता, मुलीची शाळा फुकट होती, शाळेत गरम जेवण होतं. पायाखाली जमीन होती म्हणून मला आत डोकावता आलं. फिनलँडचा पहिला नंबर माझ्या मते या जमिनीचा आहे. तिच्यावर उभं राहून पडदा उघडायचा की नाही, हे मात्र कुठलंच सरकार करून देत नाही.

नोकरी सप्टेंबरमध्ये मिळाली, आधीपेक्षा लहान. वही अजून आहे, तिच्यात आता किराणा लिहितो. रोज संध्याकाळी खिडकीशी बसायला लागलो. पहिले काही आठवडे ते दहा मिनिटंही असह्य व्हायचं, हात आपोआप फोनकडे जायचा. अजूनही जातो कधी कधी.

काल बाबा, मी आणि माझी मुलगी कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज संग्रहालयात गेलो. उन्हामुळे गर्दी नव्हती. जुन्या डब्यापाशी बाबा थांबले. हा डबा त्यांच्या हाताखालून गेला होता का, मी विचारलं. त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवून बघायची घाईही नव्हती. त्यांनी नातीला सांगितलं, 'ते दार ढकल बरं, हळू.' तिनं ढकललं. बाबा मान तिरकी करून ऐकत राहिले. दार मागे गेलं, पुढे आलं, कुरकुर नाही.

'बरं आहे,' ते म्हणाले, आणि आम्ही तर्री पोहे खायला निघालो.