कॉलेज टेकडीवर असेल तर: सायकल, जिने आणि उतार

कॉलेज टेकडीवर आणि राहायची खोली पायथ्याशी, अशा गावात ‘दीड किलोमीटर आहे’ या उत्तराने काहीच कळत नाही. ‘६० मीटर वर आहे’ म्हटलं की मात्र बरंच कळतं. निघायचं कधी, सायकलला कुठले गिअर हवेत, ब्रेकचे रबर किती वेळा तपासायचे, हे सगळं त्या उंचीवर ठरतं. म्हणून नव्या गावात आल्यावर आधी उंची मोजावी.

सोपा मार्ग म्हणजे जिना. एका पायरीची उंची पट्टीने मोजा, ती बहुतेक वेळा १५ सेंटीमीटरच्या आसपास भरते. अशा २०० पायऱ्या म्हणजे ३० मीटर. रस्त्याचा चढ मोजायचा असेल तर हातभर लांब सरळ फळी रस्त्यावर ठेवून त्यावर फोनमधलं कोन दाखवणारं ॲप लावा. ३ अंश म्हणजे साधारण ५ टक्के चढ, ६ अंश म्हणजे साडेदहा, ८ अंश म्हणजे १४. टक्का म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर किती मीटर वर गेलो ते.

पायी जायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडमधले गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी तो १८९२ मध्ये मांडला. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीवर तासाला ५ किलोमीटर धरायचे आणि चढलेल्या प्रत्येक १०० मीटरला १० मिनिटं वाढवायची. दीड किलोमीटर आणि ६० मीटर चढ असेल तर १८ अधिक ६, म्हणजे २४ मिनिटं. पाठीवर पुस्तकं असतील तर अजून दोन-तीन मिनिटं हाताशी ठेवा.

आता सायकल. माणूस, सायकल आणि दप्तर मिळून ८५ किलो धरू. १० टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जायला सुमारे १५० वॉट लागतात, ताशी ९ ने जायचं तर सव्वादोनशे. रोजच्या सवयीच्या माणसाला दहा-पंधरा मिनिटं १००-१५० वॉट झेपतात, त्यापुढे दम लागतो. म्हणजे तीव्र चढावर आपला वेग ६ च्या आसपासच राहणार. प्रश्न एवढाच उरतो की त्या वेगाला पेडल सहज फिरतंय का.

ते चेन ज्या चक्रांवर फिरते त्यांच्या दात्यांवर अवलंबून आहे. पुढे ३८ दाते आणि मागे २८ असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.९ मीटर जाते. ताशी ६ च्या वेगाला मिनिटात जेमतेम ३४ फेरे पडतात, आणि एवढ्या संथ फिरण्यात सगळा जोर गुडघ्यांवर येतो. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर एका फेऱ्यात १.८ मीटर, मिनिटाला ५६ फेरे. हे निभतं. सायकल घेताना एवढंच पाहा: पुढचं सगळ्यात लहान चक्र मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राएवढं किंवा त्याहून लहान हवं. एकूण गिअर २१ की २४, या आकड्याला चढावर काही अर्थ नाही.

गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. पेडलवर पूर्ण भार असताना बदलला तर चेन दात्यांवर अर्धवट बसते, कडकड वाजते आणि कधी निसटते. चढाच्या मध्येच अडकलात तर उतरा, मागचं चाक उचलून पेडल हाताने फिरवा आणि गिअर बसवून घ्या.

कॉलेजच्या गावातला खास धोका सायकल स्टँडवर असतो. खचाखच भरलेल्या स्टँडवर सायकली एकमेकींवर कलंडतात आणि मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्या लहानशा पट्टीवर टांगलेला असतो ती, आत वाकते. मधल्या गिअरमध्ये काही जाणवत नाही. मग चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांमध्ये जातो. तारा तुटतात, डिरेलर पिळवटतो आणि सायकल जागच्या जागी अडते. म्हणून स्टँडवरून काढताना मागे उभं राहून बघा: डिरेलरची दोन छोटी चाकं आणि त्यांच्या वरचं दातेरी चक्र एका उभ्या रेषेत हवीत. तिरकी दिसली तर त्या दिवशी हलका गिअर टाकू नका, हँगर आधी सरळ करून घ्या. हँगर सरळ असूनही चेन मोठ्या चक्रापलीकडे जात असेल, तर डिरेलरवरचा ‘एल’ खुणेचा स्क्रू पाव-पाव फेरा आवळत जा. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये डिरेलर हाताने तारांकडे ढकलूनही चेन पलीकडे जाऊ नये, इतपत.

चढाची काळजी सगळेच करतात. खरं लक्ष उताराला द्यायला हवं. १० टक्के उतार ब्रेकच्या ताकदीतून दर सेकंदाला सुमारे १ मीटर प्रतिसेकंद एवढा वाटा कापून घेतो, रस्ता कोरडा असो वा ओला. सपाट कोरड्या रस्त्यावर ब्रेक दर सेकंदाला वेग ५ मीटर प्रतिसेकंदाने कमी करत असेल तर उतारावर तो ४ ने करतो. फरक फारसा जाणवत नाही. ओल्या रस्त्यावर मुळातच २.५ मिळत असेल तर उतारावर दीडच उरतो. ताशी ३० वेगाने येताना समोर कुणी आलं, भानावर यायला एक सेकंद गेला, तर कोरड्या उतारावर थांबायला १७ मीटर लागतात आणि ओल्या उतारावर ३१. तोच वेग ताशी २० ठेवला तर ओल्यातही १६ मीटरमध्ये थांबता येतं. पावसात वेग एक तृतीयांशाने कमी करा, असं मी आग्रहाने सांगते ते याच हिशोबामुळे. त्यात रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर चाकाचे पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात.

दोन्ही ब्रेक वापरा. ब्रेक लावला की भार पुढे सरकतो, त्यामुळे नुसत्या मागच्या ब्रेकने चाक घसरतं. वळणाच्या आधीच वेग उतरवा, वळणात नाही. रबरावरच्या खाचा पुसट झाल्या की रबर बदला, रबर घासतं ती रिमची बाजू हाताला खोलगट लागली की चाकाची रिम. लिव्हर दाबल्यावर हँडलपर्यंत दोन बोटं अंतर उरलं पाहिजे. ब्रेकची वायर लिव्हरमध्ये जिथे शिरते तिथे एक तार जरी सुटलेली दिसली, तरी आजच बदला. दप्तर कॅरिअरवर घट्ट बांधा, हँडलला लटकवू नका. वळणावर ते झोका घेतं आणि हँडल ओढतं.

विजेच्या सायकलीबद्दल थोडक्यात. ९५ किलो वजन ६० मीटर चढवायला साडेपंधरा वॉट-तास लागतात, वाया जाणारी ऊर्जा धरून २०-२५. त्यामुळे ३६० वॉट-तासांची बॅटरी अशा गावात भरपूर झाली. पाहायचं ते मोटर कुठे आहे हे. चाकाच्या आसातली मोटर तीव्र चढावर फार हळू फिरते आणि तापते, पेडलजवळची मोटर सायकलचे गिअर वापरते. चढ ८-१० टक्क्यांपुढे असतील तर पेडलजवळची घ्या.

चालणाऱ्यांनी जाताना जिना, येताना रस्ता धरावा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतात. पायऱ्या उतरण्यात गुडघ्यांनाही जास्त त्रास होतो. सावलीतल्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे पायरीच्या कडेवर नाही, आत पूर्ण पाऊल टाका. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी घट्ट करा, नाहीतर पाय पुढे सरकून अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

आणि हेही करता येतं: सपाट भाग सायकलने काढायचा, सायकल जिन्याच्या पायथ्याशी कुलूप लावून ठेवायची आणि वर पायी जायचं. एक किलोमीटर सपाटीला ४ मिनिटं लागतात, उरलेल्या अर्ध्या किलोमीटरला आणि ६० मीटरला १२. एकूण १६ मिनिटं, म्हणजे सगळं पायी जाण्यापेक्षा ८ मिनिटं कमी. शिवाय तास सुटल्यावर सगळा रस्ता माणसांनी भरलेला असताना त्या गर्दीतून सायकल खाली आणावी लागत नाही.