गाठ परत कशाला काढायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, उलटला की पेशंटच्या घरचे हाच प्रश्न घेऊन येतात. चोपड्याकडचे केळीवाले एक बाबा म्हणाले, "मॅडम, गाठ तं पह्यलेच काढी ना, आते परत कसाले?" पोरगा बावीस वर्षांचा. एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोनंतर वर्षभर बरा होता, आणि आता मानेत सुपारीएवढी गाठ.

त्यांना मी जुनी स्लाइड दाखवली. हॉजकिनच्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी शंभरात एखादीच असतात. रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात त्यांना, दोन केंद्रकं अशी की घुबड डोळे वटारून बघतंय असं वाटावं. बाकी सगळी गर्दी आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशींची. बाबा म्हणाले, "इतकी माणसं असून एकाला धरत नाहीत?"

अगदी नेमकं बोलले ते. त्या पेशी अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन मिरवतात. ते टी-पेशीच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशीच्या, पीडी-१ या ब्रेकला भिडलं की टी-पेशी थंडावते. हा पीडी-१ जपानचे शास्त्रज्ञ तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडला. २०१८ चं नोबेल त्यांना आणि जेम्स ॲलिसन यांना मिळालं. हॉजकिनमध्ये नवव्या क्रोमोसोमवरचा पीडी-एल१ चा जनुक असलेला तुकडाच जास्तीचा होतो. २०१६ मध्ये अमेरिकेत १०८ पेशंटच्या गाठी तपासल्या, तेव्हा ज्यांच्यात या तुकड्याच्या प्रती फार वाढल्या होत्या, त्यांचा आजार जास्त पसरलेला होता आणि लवकर उलटत होता. भोवतालच्या टी-पेशींवर लॅग-३, टिम-३ असे आणखी ब्रेकही दिसतात.

पण एक स्पष्ट सांगते, कारण इथे गैरसमज फार. पीडी-एल१ जवळपास प्रत्येक क्लासिकल, म्हणजे नेहमीच्या प्रकारच्या, हॉजकिनमध्ये असतो, त्यामुळे स्लाइडवर त्याचा रंग किती गडद आला यावर निव्होलुमॅब, म्हणजे पीडी-१ चा हा ब्रेक सोडवणारं औषध, द्यायचं की नाही हे ठरत नाही. हॉजकिनमध्ये या औषधाचा २०१५ मध्ये पहिला अहवाल आला तो २३ पेशंटचा, सगळे बरेच उपचार करून थकलेले. २० जणांना गुण आला. मग गाठ परत कशाला काढायची? तर गाठ हॉजकिनचीच आहे ना, हे बघायला. आपल्याकडे टीबी घरोघर. पेट स्कॅनवर टीबीची गाठही तशीच चमकते. टीबी समजून सहा महिने गोळ्या खाल्लेली हॉजकिनची पोरं मी पाहिली आहेत, आणि उलटंही. शिवाय कधी कधी दुसराच लिम्फोमा निघतो. आणि बारीक सुईने भागत नाही. शंभरात एक पेशी शोधायची तर अख्खी गाठ हवी.

एकदा अशी दुसरी गाठ माझ्याकडे सलाइनच्या बाटलीत आली, आदल्या दिवशी काढलेली. पेशी कुजल्या होत्या, काही वाचता आलं नाही. त्या पेशंटला पुन्हा चिरावं लागलं. म्हणून बाबांना डबी मीच दिली, फॉर्मॅलिन, म्हणजे पेशी कुजू न देणारं द्रव, भरून. मुंबईला ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, न्यायचा तर मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण मऊ पडतं, हेही सांगितलं. त्यांनी डबी रुमालात गुंडाळली आणि दोन्ही हातांनी धरून आणली.

हॉजकिनच निघालं. जुना ब्लॉक आणि नवा, दोन्ही एकाच पिशवीत बांधून दिले.